बापाच्या नावे नोटीस

धैर्याची स्तोत्रे पुष्कळ गायिली गेली. धास्तीचे स्तोत्र रचण्याचे कोणाच्या मनात येत नाही. तरीही या जगात असे काही जीव असतात, की ज्यांची धास्ती स्वतःसाठी कधीच नसते. दुसऱ्याच्या पायाखालचा दगड निसटेल की काय, या शंकेने ते जन्मभर दबकत चालतात आणि त्यांच्या पुण्याईवर इतर लोक बिनघोर धावतात. अशा धास्तीला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ते अखंड अवधान आहे. आणि अवधान हीदेखील पूजेचीच एक रीत होय.

नेब्रास्कातील एका सरकारी महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात नियमपालनाचे टेबल सांभाळणाऱ्या आर्डिस कोपेकी या अशांपैकी एक. दर ऑगस्टमध्ये खेळाडूंकडून एका कागदावर सही घेणे हे त्यांचे काम. आपले नाव व चेहरा कोणत्याही मालाच्या विक्रीसाठी कोणाला वापरू देणार नाही. महाविद्यालयाने मात्र आपल्या सामन्यांच्या प्रचारासाठी तो वापरावा, असा त्या कागदाचा आशय. सहीवाचून मैदानात पाऊल टाकता येत नसे. मुले पिझ्झाच्या रांगेत सरकावे तशी सरकत, सह्या ठोकत आणि निघून जात.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरातील एका बुधवारी त्यांच्या टेबलावर एक निनावी पाकीट आले. आत एका छोट्या गावच्या वर्तमानपत्राचे कात्रण होते. महाविद्यालयाच्या दौड संघातील जोलीन ब्रेझिना ही मुलगी, अंगात संघाची जर्सी, हातात अर्धे खाल्लेले सॉसेज. आणि खाली ठळक अक्षरांत: ‘हे पाय ब्रेझिनांच्या धुरी दिलेल्या सॉसेजवर पोसले आहेत!’

शनिवारी विभागीय शर्यत होती. मुलीने संमती दिली असे महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने ठरवले, तर तिची खेळण्याची पात्रता जाणार. आणि जिच्या बळावर ती शिकत होती, ती शिष्यवृत्तीही कदाचित त्याच वाटेने. त्यांनी जोलीनला बोलावून घेतले.

“अरे देवा! बाबांनी हा फोटो छापला?” जोलीन खिदळली. “माझे गाल बघा, अगदी खारीसारखे!”

“हसू नकोस गं. तुला विचारून छापला का? नीट आठव. तू सांगशील ते जसंच्या तसं वर संघटनेकडे जाणार आहे.”

“नाही हो. नाताळात आईने स्वयंपाकघरात काढला होता. नवी जर्सी घालून दाखव म्हणून सगळे मागे लागले होते. जाहिरातीचं मला आत्ता तुमच्याकडूनच कळतंय.”

आर्डिसबाईंनी तिच्या डोळ्यांत क्षणभर पाहिले. खोटे तिथे नव्हते. “मग तुला बाबांना लेखी कळवावं लागेल, की हे ताबडतोब थांबवा. नियमच तसा आहे. नमुना माझ्याकडे आहे.”

“बाबांना नोटीस? मी? थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्कीऐवजी मलाच कापतील ते!” मग तिची नजर भिंतीवरल्या महाविद्यालयाच्या दिनदर्शिकेकडे गेली. “आणि हे? इथेही मीच धावतेय ना? खाली तर बँकेचं नाव आहे.”

“ते चालतं. ऑगस्टमध्ये तू तशी सही केलीस.”

“मी तो कागद वाचलाच नव्हता.”

“ठाऊक आहे,” आर्डिसबाई हलकेच म्हणाल्या. “पेन मीच तुझ्या हातात दिलं होतं.”

शुक्रवारी पाचच्या आत संघटनेकडे अहवाल धाडायचा होता. नोटीस टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून गुरुवारी दुपारी आर्डिसबाई स्वतःच गाडी घेऊन साठ मैल गेल्या. मक्याची कापणी झालेली शेते दोन्ही बाजूंनी मागे पडत होती, आणि मनात एकच प्रश्न फिरत होता: बाप हट्टाला पेटला तर?

जोलीनचे वडील लमार ब्रेझिना आपल्या मांसाच्या दुकानात रक्ताळलेल्या ॲप्रनला हात पुसत पुढे आले. जोलीनच्या सहीची नोटीस त्यांनी उभ्यानेच वाचली.

“‘प्रिय महोदय’?” ते गरजले. “अहो बाई, हिचे लंगोट बदललेत मी! माझ्या पोरीचा चेहरा माझ्या दुकानात लावायला मला कुणाची परवानगी?”

“तिची, ब्रेझिनासाहेब. आणि ती देण्याची मुभा आम्ही तिला ठेवलेली नाही.”

“हा कुठला न्याय?”

“न्याय आहे असं मी म्हटलेलं नाही,” आर्डिसबाई म्हणाल्या. “पण ही जाहिरात उद्याही दिसली, तर शनिवारी ती कडेला उभी राहून इतरांना धावताना बघेल.”

लमारनी वर्तमानपत्राला फोन करून पुढची जाहिरात थांबवली आणि खिडकीतला फलक उतरवला. “अजून एक आहे,” ते ओशाळून म्हणाले आणि शीतकपाटाचे दार उघडले. आतल्या शेकडो पाकिटांवर जोलीन सॉसेज खात हसत होती.

लेबले खरवडणे कोणत्याही नियमात आर्डिसबाईंचे काम नव्हते. त्यांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि दुकान बंद होईपर्यंत बापाच्या शेजारी उभ्या राहून त्याच्या मुलीचे चेहरे नखांनी सोलले. घरी परतताना त्यांची बोटे थंडीने बधिर झाली होती.

अहवाल शुक्रवारी साडेचारला गेला. संघटनेचे होकाराचे उत्तर मात्र आले शनिवारी, शर्यतीला वीस मिनिटे उरली असताना. तोवर जोलीन बुटांच्या नाड्या बांधून सोडीत होती, पुन्हा बांधीत होती. ती धावली; अकरावी आली. लमार दोरीपलीकडून घसा फुटेस्तोवर ओरडत होते.

पुढल्या ऑगस्टमध्ये आर्डिसबाईंनी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि एकाही मुलाला पेन दिले नाही. “घरी न्या. आईबापांना दाखवा. उद्या आणा.” क्रीडा संचालक कुरकुरले, एक दिवस फुकट जातो म्हणाले. बाईंनी ऐकले नाही, निवृत्त होईपर्यंत.

दोन हजार वीसच्या वसंतात त्या वारल्या. पुढच्याच वर्षी जुना निर्बंध उठला. आता त्याच खोलीत बसून खेळाडू आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे करार कंपन्यांशी करतात. कराराचा कागद तिथे त्याच दिवशी सहीला घेत नाहीत. मुलांना तो एक रात्र घरी नेऊ देतात. हा शिरस्ता कोणी घातला, हे तिथल्या कोणालाही माहीत नाही.