दुसऱ्या रिव्हॉल्वरचं सिलिंडर

पिंपरीच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं टूलरूममध्ये होतो. बाकीच्या मशिनांना लागणारे साचे आणि जिग आम्ही करायचो. माप केसभर चुकलं तरी काम परत यायचं, आणि माझं फारसं कधी परत आलं नाही, याचा मला माज होता. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी संगणकावर चालणारी मशिनं आली आणि त्यांच्या मागोमाग स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. स्वेच्छा नक्की कोणाची, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. सही केली तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. अकोल्याहून नोकरीसाठी आलेला माणूस, पुण्यात ना घर स्वतःचं, ना ओळखी. आता कोणाला हाताने काम करणारा माणूस नको होता. मुलाखतीला गेलो की समोरची पंचवीस वर्षांची मुलं विचारायची, संगणक येतो का.

एक दिवस रविवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानात उभा होतो. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ दुकानदाराला एक बारीक स्क्रू दाखवत होते. तसा मिळेल का, असं विचारत होते. दुकानदार म्हणाला, असले आटे आता कोणी काढत नाही. मी स्क्रू हातात घेऊन पाहिला आणि म्हणालो, मी काढून देतो. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. त्यांनी भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला आणि कुठे नोकरीला आहात, असं विचारलं. कुठेच नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग उद्या दहाला या."

त्यांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं, रीतसर परवान्याचं. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मीही म्हणू लागलो. माणूस कमी बोलणारा. चांगलं काम झालं तर काहीच म्हणायचे नाहीत, बिघडलं तर "हं" म्हणायचे. शेतकऱ्यांच्या बारा बोअरच्या बंदुका यायच्या, बँकेच्या पहारेकऱ्यांच्या यायच्या, आणि निवडणूक आली की परवानाधारकांची हत्यारं जमा करून घ्यायचं काम निघायचं. रिव्हॉल्वरं मात्र थोडी, आणि बहुतेक फार जुनी. परदेशी हत्यारं आयात होणं कधीच बंद झालेलं. बाहेर बाजारात परदेशी चॉकलेट, परदेशी टीव्ही, परदेशी गाड्या येत होत्या, पण आमच्या हातातल्या रिव्हॉल्वरची एक स्प्रिंग तुटली तर ती जगात कुठूनही आणता यायची नाही. घडवायची, नाहीतर दुसऱ्या एखाद्या मोडक्या हत्यारातून काढायची.

रिव्हॉल्वरमध्ये गोळ्या ज्या फिरत्या भागात बसतात त्याला आम्ही सिलिंडर म्हणायचो. माझ्या मुलीने शाळेत सांगून टाकलं होतं की बाबा सिलिंडर दुरुस्त करतात, आणि तिच्या वर्गशिक्षिकेने मला एकदा त्यांच्या गॅसच्या शेगडीबद्दल विचारलं होतं.

आमच्या गिऱ्हाइकांत एक बाई होत्या. लष्करी अधिकाऱ्याच्या विधवा, वय पासष्टच्या पुढे, सॅलिसबरी पार्कला एकट्या राहायच्या. दर रविवारी सकाळी हडपसरच्या पुढच्या रेंजवर नेमबाजीला जायच्या. परवान्यावर त्यांची दोन लहान रिव्हॉल्वरं होती, एक सासऱ्यांचं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, आणि एक नवऱ्याचं, त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी बनलेलं. कंपनी एकच, बाहेरून पाहिलं तर जुळी भावंडं. नवऱ्याच्या रिव्हॉल्वरचं सिलिंडर झिजून ढिलं झालं होतं, आणि सासऱ्यांच्या रिव्हॉल्वरची नळी गंजून गेली होती. बाई दोन्ही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दोन्हींतून एक चालतं करा. मला काही युद्धावर जायचं नाही, कागदाला भोकं पाडायची आहेत."

मास्तरांनी दोन्ही ठेवून घेतली. पण त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी बसवलं. जाताना त्यांनी मला सांगितलं होतं की बंदुकांची साफसफाई तेवढी करा, बाकी मी आल्यावर पाहू.

मी काही त्यांच्यासाठी थांबलो नाही. माझ्या हातून आजवर मोजून केलेलं काम चुकलं नव्हतं. जुन्या रिव्हॉल्वरचं सिलिंडर काढलं, नव्यात बसवलं, आणि ते असं बसलं की जणू त्याच्यासाठीच बनवलं होतं. अलगद फिरत होतं, जागेवर खटकन बसत होतं. प्रत्येक गोळीचं घर नळीच्या बरोबर समोर येतं का, हे पाहायला मास्तरांची एक पोलादी काडी होती, नळीतून आत सरकवायची. मी पहिल्या घरात घातली, सरळ गेली. दुसऱ्यात घातली, सरळ गेली. सहा घरं एकाच मशिनवर समान अंतरावर पाडलेली असणार, दोन बरोबर म्हणजे सहाही बरोबर, हे टूलरूममधलं माझं गणित होतं. शनिवारी बाई चौकशीला आल्या आणि मी ते तेल पुसून, वहीत नोंद करून, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे वा. मास्तरांशिवायही दुकान चालतं म्हणायचं."

ते वाक्य मी रात्रभर मनात घोळवलं आणि रविवारी सकाळी ते सांगायलाच मास्तरांच्या घरी, नाना पेठेत गेलो. ते काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "काडी सहाही घरांत घातली?"

मी म्हणालो, दोन घरांत.

ते उठून चप्पल शोधू लागले. मी विचारलं, काय झालं. तेव्हा त्यांनी समजावलं. सिलिंडरच्या पाठीमागे सहा लहान दात असतात, ते ढकलले जाऊन सिलिंडर फिरतं. युद्धाआधीच्या काळात कारागीर हा प्रत्येक दात हाताने घासून त्या एका रिव्हॉल्वरला जुळवायचा. एक दात जरा जास्त, एक जरा कमी. त्या रिव्हॉल्वरमध्ये सहाही बरोबर, दुसऱ्यात एखादा कदाचित नाही. घर नळीसमोर पुरतं आलं नाही तर गोळीचं शिसं कडेला घासतं आणि बाजूला उडतं. शिवाय दोन्हींवर कोरलेले नंबर वेगळे, पोलिसांनी विचारलं तर मास्तर काय सांगणार होते, तेही होतंच. पण ते नंतरचं.

बाईंना फोन लावला. लागेना. त्या भागात नव्या केबलसाठी रस्ते खणले होते आणि अर्ध्या वस्तीचे फोन आठवडाभर मुके होते. डॉक्टरांनी मास्तरांना धुळीत जायला सक्त मनाई केली होती. मास्तरांच्या पत्नी दारात आडव्या उभ्या राहिल्या. मास्तर त्यांना म्हणाले, "एक डोळा आहे अजून," आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले.

स्वारगेटपर्यंत खड्डे, पुढे खणलेले रस्ते. मी हळू चालवायचो तर ते पाठीला बोटाने टोचायचे. सॅलिसबरी पार्कला पोचलो तर बाईंच्या स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, अर्ध्या तासापूर्वी गाडी काढून गेल्या. तिथून हडपसर. त्या अर्ध्या तासात मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. माझ्या पाठीमागे बसलेला माणूस माझ्यामुळे डोळा गमावेल, आणि पुढे कोणीतरी दुसराच गमावेल, हे दोन्ही एकदम डोक्यात फिरत होतं.

रेंजवर पोचलो तेव्हा बाई बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होत्या. त्यांची पाळी यायची होती. रिव्हॉल्वर डब्यात, पुढ्यात. शेजारच्या जागी कॉलेजातली एक मुलगी एअर पिस्तुलाचा सराव करत होती, बाईंच्या उजव्या हाताला, चार फुटांवर.

मास्तरांनी नमस्कार केला आणि एकदा पाहू का, असं विचारलं. बाईंनी डबा पुढे केला. त्यांनी आधी ते रिकामं असल्याची खात्री केली, मग खिशातून काडी काढली. पहिलं घर, दुसरं, तिसरं, चौथं. चारही वेळा काडी सरळ आत गेली. मला वाटलं, सुटलो. पाचव्याला ती मधेच थांबली. त्यांनी पुन्हा फिरवून आणलं, पुन्हा घातली, पुन्हा तिथेच थांबली. मग काडी तशीच ठेवून रिव्हॉल्वर बाईंच्या हातात दिलं, म्हणजे त्यांच्याही बोटांना ते कळावं.

"चूक दुकानाची आहे," मास्तर म्हणाले. "मी तपासलं नाही."

बाईंनी त्यांच्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तुम्ही बसवलंत ना?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणालो. मास्तर ऑपरेशनला गेले होते, त्यांनी हात लावू नका सांगितलं होतं, आणि मी दोनच घरं तपासली, हेही सांगितलं.

बाईंनी शेजारच्या मुलीकडे एकदा पाहिलं. तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. मग त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, तो मास्तरांना दिला आणि मला म्हणाल्या, "हातात गुण आहे तुमच्या, पण आधी सहापर्यंत मोजायला शिका."

मी हसलो नाही. त्याही हसल्या नाहीत.

सोमवारी मी दुकानात गेलो ते माझी हत्यारं पिशवीत भरायला. मास्तर डॉक्टरांचं न ऐकता येऊन बसले होते. मी पिशवी उचलल्यावर त्यांनी मान वर केली.

"कुठे निघालात?"

मी म्हणालो, आता तुम्ही मला ठेवणार नाही.

"त्यांचं मूळ सिलिंडर परत बसवायचंय," ते म्हणाले. "मला अजून धड दिसत नाही. तुम्हाला दिसतं."

बाईंच्या नवऱ्याच्या रिव्हॉल्वरचं ते झिजलेलं सिलिंडर दुरुस्त करायला आम्हाला दोन महिने लागले. मी काम करायचो आणि मास्तर शेजारी स्टुलावर बसून नुसता आवाज ऐकायचे. कुठे थांबायचं ते आवाजावरून सांगायचे. सहाही घरं जुळली तरी त्यांनी मला ती रोज सकाळी एकदा तपासायला लावली, आठवडाभर. सासऱ्यांचं रिव्हॉल्वर बाईंनी पोलिसांत जमा करून टाकलं. त्या रविवारबद्दल मास्तर पुढे एक शब्दही बोलले नाहीत, माझ्याशी नाही आणि दुकानात येणाऱ्या कोणाशीही नाही. त्यांच्या डोळ्याला जंतुसंसर्ग झाला होता आणि महिनाभर थेंब घालावे लागले, हे मला त्यांच्या पत्नीकडून पुढे कधीतरी कळलं. डोळा वाचला. हे कळलं त्या दिवशी मी अगरबत्ती लावली, जी एरवी आमच्या बौद्ध घरात बायकोच लावते.

सव्वा वर्षाने बाईंचा दुकानात निरोप आला. त्या एका खाजगी तंत्रनिकेतनाच्या समितीवर होत्या. त्यांना फिटिंग शिकवणारा माणूस हवा होता, संगणकाची मशिनं येऊनही हाताने घासता येणारा. त्यांना भेटायला गेलो तेव्हा मी विचारलं, मलाच का. त्या म्हणाल्या, "बाकीचे अर्जदार म्हणतात, आमचं काम कधी चुकलं नाही. त्यांना कोण शिकवणार?"

मास्तरांना सांगायला मला चार दिवस लागले. त्यांनी ऐकलं आणि "हं" म्हणाले, म्हणजे काहीतरी बिघडलं, असं मला वाटलं. मग म्हणाले, "जा. मुलं ऐकतील तुमचं." त्यांच्या अखेरपर्यंत मी शनिवारी दुपारी दुकानात जात राहिलो.

तंत्रनिकेतनात मी सोळा वर्षं शिकवलं. मुलीचं शिक्षण त्यात झालं, वडगावला दोन खोल्यांचं घर झालं. माझ्या हाताखालून गेलेली बरीच मुलं आज चाकणच्या कारखान्यांत आहेत, काही तर सॉफ्टवेअरमध्ये गेली. निवृत्त झालो त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला. तेव्हा त्या पंच्याऐंशीच्या पुढे गेल्या होत्या, ऐकू कमी यायचं. मी सगळं जमवून ठेवलेलं सांगितलं, की त्या दिवशी तुम्ही आणि मास्तर दोघांनी मला मोडू दिलं नाहीत, म्हणून मी माझ्या पायावर उभा राहिलो, आणि हे मास्तरांना सांगायचं राहून गेलं.

मग मी दोनदा हॅलो म्हणालो. मला वाटलं, ऐकूच गेलं नसेल.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी या चहाला. बसून बोलू."