एकमेकांवर चढलेली वावरं

दोन वस्तू शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात, यावर आमच्या साडभाऊंचा काडीचा विश्वास नव्हता. जेवायला बसले की आधी ताटाकडे टक लावून बघायचे; वरण भाजीवर चढलं असेल तर वाढणाऱ्या त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या मेहुणीची, खैर नसे. आर्वीच्या एस.टी.त शेजाऱ्याची पिशवी मांडीला लागली, तर त्याला समजावायचे, "हे टेकणं झालं, टेकू द्या. चढली तं बोलन."

यात त्यांचा दोष नव्हता. वर्ध्यात कॉम्प्युटर नुकते रुळत होते आणि शेतांचे जुने गावनकाशे गिरवून त्यांत घालायची नोकरी यांनी धरली होती. गिरवताना रेघ हलायची आणि एकाचं वावर दुसऱ्याच्या वावरावर चढायचं. अशा जोड्या किती नि कोणत्या, हे मशीनला विचारून काढायचं काम साडभाऊंचं. पहिल्यांदा विचारलं, तेव्हा प्रत्येक वावर स्वतःवरही चढलेलं आहे, असं मशीनने कळवलं. साहेब घाबरले. साडभाऊंनी प्रश्न सुधारून घेतला, पण संध्याकाळी मला म्हणाले, "खोटं नाई सांगून राह्यलं ते. माणूस पयले सोताच्याच आडवा येते."

जोडी निघाली की दोन्ही मालकांना धुऱ्यावर, म्हणजे सामाईक बांधावर, उभं करायचं, दोघांना विचारायचं आणि मग रेघ सरकवायची. चढलेलं एकही वावर उरलं तर गाव हातावेगळं करायचे नाहीत. शेवटी त्यांचं स्वतःचं, आष्टीकडचं गाव आलं, आणि त्यात एक जोडी निघाली ती त्यांची आणि थोरल्या भावाची. त्याच धुऱ्यापायी दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. बाकीच्या जोड्या मिटल्या, तरी ही मागेच पडत राहिली. अखेर मला सोबत घेऊन ते गेले. थोरले आले, पलीकडे उभे राहिले. मलाच अवघडल्यासारखं झालं.

"कॉम्प्युटरात किती चढलो रे आपण एकमेकांवर?" थोरल्यांनी विचारलं.

"हातभर, दादा."

"कोणाचं कोणावर?"

"ते त्याले समजत नाई."

थोरले खाली बसले, हातातलं ढेकूळ फोडत म्हणाले, "मंग राहू दे. तेवढ्यात तरी दोघं संगं आहो."

साडभाऊंनी ती एक जोडी तशीच ठेवून गाव सोपवलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली. थोरले आता नाहीत. ती रेघ पुढे कुणीतरी सरळ केलीच असेल. साडभाऊंना मात्र मी हे कधी विचारलं नाही. माझ्याने विचारवत नाही.