झाडून काढलेलं वावर

मी लग्न होऊन साखऱ्याला आले तेव्हा आमच्या कोरडवाहू वावरात ज्वारी असायची. आत शिरलेला माणूस दिसायचा नाही. कणसं घरी यायची, कडबा बैलं खायची, त्यांचं शेण परत वावरात जायचं आणि मुळं जमिनीतच कुजायची. पुढं सगळ्या शिवारात सोयाबीन आलं. बैलं विकली, शेणखत संपलं. माती फिकी पडत गेली आणि पाऊस उघडला की पापडी धरायला लागली. मातीतला कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा कस, उतरलाय, असं तपासणीवाले म्हणाले. खुरपं टेकवलं की माझ्या मनगटाला ते आधीच कळत होतं.

मग एका संस्थेनं काही वावरांतला कर्ब मोजायला घेतला. तीन वर्षं नांगरायचं नाही, जाळायचं नाही, सोयाबीनचं भुस्कट आणि तुरीची धसकटं तिथंच कुजू द्यायची. तिसऱ्या उन्हाळ्यात माती तपासायची. एकदा जरी जाळलं तरी वावर बाद. मी हो म्हणाले, कारण ही माती सुधारते का ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. नवरा हिंगोलीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात कामाला. "तुझं तू पाह्य," म्हणून तो मोकळा झाला.

आमच्याकडं उन्हाळ्यात वावर वेचून, जाळून अंगणासारखं साफ ठेवणं ही घरच्या बायांची अब्रू. आमचा पसारा बघून बाया विचारायच्या, "काहून गं, घरात कोनी आजारी हाय का?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या वाटेनं जायच्याच बंद झाल्या. जाळायचं नाही हे त्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. त्यांनीही तीन वर्षं काडी लावली नाही. भुस्कटाखालची माती ओलसर, भुसभुशीत व्हायला लागली होती. मी रोज मूठभर उचलून बघायची.

तपासणीचा निरोप आला तेव्हा मी कुरुंद्याला माहेरी होते, हळद शिजवणं चाललं होतं. फोन करून आत्याबाईंना म्हटलं, "परवा साहेब येऊन राहिले वावर पाहायला. मी सकाळी पोचते."

पोचले तर वावर काळं, चकाचक. कडेला राखेचे ढीग अजून धुमसत होते. आत्याबाई बांधावर पाय लांब करून गुडघे चोळत होत्या.

"पावन्याम्होरं तसलं वावर दाखवावं का? कालपासून वाकून राहिले," त्या म्हणाल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मला ओरडायचं होतं, पण तेवढ्यात साहेब आले.

साहेब राखेपाशी थांबले. मला बाजूला बोलावून विचारलं, "कोणी जाळलं?" आत्याबाई पदर सारखा करून लांबून बघत होत्या. मी म्हटलं, "मीच." पिशवीतली माती काढायची नळी त्यांनी बाहेरसुद्धा काढली नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल म्हणाले आणि गेले.

"काय म्हनले साहेब?"

"चांगलं हाय म्हनले."

"मंग," त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "पुढल्या टायमाला बी मीच करते. तू फकस्त ते कवा येनार तेवढं सांग."