एक्केचाळीस नोंदी

मलिकाबाईंबद्दल लिहा, असा दवाखान्याच्या स्मरणिकेसाठी डॉक्टरांनी दोनदा निरोप धाडला. खरं सांगायचं तर मला त्यांची फारशी माहिती नाही. वडील चंद्रपुरात घड्याळं दुरुस्त करायचे आणि बाई नागपुरात शिकल्या, एवढंच ठाऊक. घरी आणखी कोण होतं, हे तीन वर्षांत मी विचारलं नाही. मी प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुणारा, रंगवणारा माणूस.

त्या चौऱ्याऐंशी साली आमच्या दवाखान्यात संशोधनासाठी आल्या. वैनगंगेच्या अलीकडे, आमच्या भागात हिवताप घरोघरी. लहानपणापासून ताप अंगावर काढलेल्या पोरी पहिल्या गरोदरपणात एकाएकी खंगायच्या, मूल जेमतेम दीड-दोन किलोचं व्हायचं. असं का होतं, हे बाईंना शोधायचं होतं. मी एकदा भीत भीत विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "पत्रूभाऊ, अंग जुन्या चोराले ओळखते. पण पोटातल्या लेकराची वार म्हंजे नवीन घर. चोर तिथी लपला की अंगाले पत्ताच नाई लागत. मग उशिरा धावाधाव होते, वारेले सूज येते अन् लेकराचं खाणं तुटते."

त्यासाठी बाळंतिणीची वार तपासावी लागे. आमच्याकडे वार घराच्या मागे पुरतात. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर त्या बाळंतिणीचं पुढचं मूल टिकत नाही, असं मानतात. बाईंनी गावोगाव फिरून शब्द दिला होता. नखाएवढा तुकडा घरच्यांसमोर काढायचा, बाकीची वार त्याच दिवशी मडक्यात घालून परत करायची. साठ नोंदी झाल्या की अहवाल नागपूरला जाणार, आणि पहिलटकरणींना दर आठवड्याला हिवतापाची गोळी देण्याची मागणी त्यावर उभी राहणार. बाईंचं सगळं त्या साठांवर होतं.

शहाऐंशीच्या श्रावणात एकाच गावच्या सोमारी आणि बुधरी एकाच सकाळी दवाखान्यात बाळंत झाल्या. नोंद चाळीस आणि एक्केचाळीस. मी दोन्ही मडक्यांवर खडूनं आकडे घातले. ओलाव्यानं ते पुसले. घरच्यांना परतायची घाई होती. मी अंदाजानं मडकी दिली. ते गेल्यावर वही भरताना वजनाच्या रकान्यावर नजर गेली. बुधरीची वार हलकी होती. तिच्या सासूच्या हाती मी जड मडकं दिलं होतं.

मी बाईंना सांगितलं. म्हटलं, "कोणाले काय कळते, बाई? मातीत गेलं ते गेलं."

त्यांनी वही मिटली. "मले कळते ना," म्हणाल्या. "चला."

बुधरीची सासू बायनाबाई गावची सुईण. तिच्या शब्दावर आजूबाजूच्या तीन गावांनी आम्हाला वार तपासायला दिली होती. बाई अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बायनाबाई, मडकी बदलली. माझ्या हातून चूक झाली."

माझ्या हातून, असं म्हणाल्या. मी मागेच होतो. तोंड उघडलं नाही.

"एवढं कालेज शिकली अन् दोन मडकी सांभाळता येत नाई तुले?" बायनाबाई कडाडली. "घरी सैपाक तरी करते का दुसऱ्याच्याच चुलीवर भाकर टाकते?"

कोणी हसलं. बाई हसल्या नाहीत. दोन्ही खड्डे उकरले, मडकी बदलली, पुन्हा माती लोटली.

त्यानंतर कोणी वार दिली नाही. बाई पुढचे दहा महिने गावं फिरल्या. लोक पाणी देत, बसायला खाट देत, वारेचं नाव काढलं की विषय बदलत. नोंदी एक्केचाळीसवर थांबल्या. बाईंनी झाली चूक लिहून तेवढ्यांचाच अहवाल पाठवला. नागपूरहून उत्तर आलं की संख्या अपुरी आहे. सोबत बाईंच्या मार्गदर्शकांची चिठ्ठी होती: हे गावात सांगायची गरज काय होती? बाईंनी ती वाचली आणि घडी घालून वहीत ठेवली. दोष माझा होता, हे त्यांनी तिथेही कळवलं नव्हतं. मीही कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

मागणी मंजूर झाली नाही. तरी दवाखान्याच्या साठ्यातून बाई जमेल तितक्या गरोदर पोरींना आठवड्याची गोळी देत राहिल्या. सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली. सावली गावच्या थांब्यावर मी त्यांची पेटी एसटीच्या टपावर चढवली. माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होतो. वाहकानं घंटी मारली.

खिडकीतून त्या म्हणाल्या, "पत्रूभाऊ, बुधवारी सोमारीच्या जावेले गोळी द्याची आहे. उपाशीपोटी नका देऊ, उलटी होते तिले."

"जेवली का विचारून देतो, बाई," मी म्हणालो.