नळीचं टोक

नवजात बाळांच्या कक्षात तिला सगळे 'तिखट डॉक्टर' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. सासूबाई तर सरळच सांगत, "अगं, राग चपलांबरोबर दाराबाहेर काढून आत येत जा." ती हसायची. पण राग यावा असंच सगळं चाललं होतं, त्याला ती तरी काय करणार?

काचेच्या पेटीत एक इवलीशी मुलगी होती, दिवस भरण्याआधीच जन्मलेली. बेंबीतून आत घातलेल्या बारीक नळीतून तिला औषध मिळत होतं. नळीचं टोक हृदयाच्या उंबरठ्याशी थांबायला हवं, आत शिरलं तर ठोके बिथरतात. ते बघायचं तर एक्स-रे. म्हणजे तंत्रज्ञाची वाट बघा, पोरीच्या पाठीखाली गार पाटी सरकवा, पुन्हा वाट बघा. तोवर नळी सरकली तर फोटो काय कामाचा?

सोनोग्राफीत हेच पेटीजवळ उभ्या उभ्या दिसतं. ती ते शिकून आली होती. फिरतं यंत्रही होतं, खालच्या मजल्यावर आवरण घालून झाकलेलं. एक्स-रे विभागाच्या प्रमुखांना विचारून विचारून तिच्या जिभेला फोड यायचे बाकी होते. "बाई, महागाची वस्तू आहे. वॉर्डात कुणी आपटली म्हणजे?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एका दुपारी मुलीच्या ठोक्यांची लय तुटू लागली. सकाळचा एक्स-रे चांगला होता आणि आता तंत्रज्ञ ऑपरेशनमध्ये अडकलेला.

"मॅडम, थांबायचं का?" सिस्टरने विचारलं.

"कुणासाठी?" म्हणत ती जिना उतरली, आवरण ओढून फेकलं आणि यंत्र ढकलत लिफ्टमध्ये शिरली.

पडद्यावर टोक दिसलं. हृदयाच्या आत, भिंतीला टेकलेलं. पडद्यावरची नजर न काढता तिने नळी हळूहळू मागे घेतली. लय सावरली. सिस्टरने तेव्हा कुठे श्वास सोडला.

तेवढ्यात प्रमुख धापा टाकत आले. "परवानगी कुणाची घेतलीत?"

"बाळ कसं आहे ते तरी आधी विचारा!"

बाजूच्या स्टुलावर मुलीची आई बसली होती. टाके धरून ती उठली. "डॉक्टर, हे यंत्र आधीपासून इथंच होतं?"

प्रमुख खाली बघू लागले. डॉक्टरला मात्र खोटं बोलवेना. "हो. इथंच होतं."

"मग आणलं का नाही?"

रुग्णालयाच्या वरिष्ठांनी डॉक्टरला बोलावून झापलं. "उद्या वेळ आली तर पुन्हा आणीन," ती म्हणाली. त्या आईनेही वरिष्ठांचं दार सोडलं नाही. शेवटी यंत्र कायमचं वर आलं. मुलगी बाळसं धरून घरी गेली.

पुढे पाहुणे डॉक्टर कक्ष बघायला आले, तेव्हा प्रमुख यंत्रावर हात ठेवून म्हणाले, "ही सोय आम्ही सुरू केली."

"कशी सुरू झाली, तेही सांगा ना," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

त्यांनी पाहुण्यांना घाईघाईने पुढे नेलं. ती धुमसतच पुढच्या पेटीकडे वळली. तिथे आणखी एका बाळाची नळी तपासायची होती.