त्रिनिदादला कोण गेलं होतं?

शेजारी कुणाच्या अंगात आलं की सगळ्या बायका बघायला धावायच्या, आणि मी शाळेच्या वह्या तपासत बसायचे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भूगोल शिकवायचे ना मी... वारे कुठून येतात, भरती का येते, प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं मुलांना सांगून सांगून माझीही तशीच खात्री झाली होती. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही. जे घडलं तेवढंच लिहिते.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती पहिली वर्षं. आम्ही अंधेरीला, आंबोलीच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचो. पुढे व्हरांडा, मागे मोकळी जागा, तिथे आईची अळूची आळी. आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण कुसुम. बाबा पोस्टात. कुसुम दिसायला गोरी, हसरी, आणि अभ्यासात यथातथा. वेस्ट इंडिज म्हणजे आपल्या इंडियाचाच पश्चिमेकडचा भाग, असं तिला लग्न ठरेपर्यंत वाटत होतं.

आणि तीच निघाली वेस्ट इंडिजला!

स्थळ खरं तर माझ्यासाठी आलं होतं. मधुकरराव साखरेतले केमिस्ट, त्रिनिदाद बेटावरच्या एका साखर कारखान्यात नोकरीला. रजा काढून लग्नासाठी आले होते. त्यांच्या आईला चष्म्याची मुलगी नको होती, आणि पोह्यांच्या बशा घेऊन कुसुम बाहेर आली तेव्हा प्रश्नच मिटला. लोकांना वाटलं मला नवरा हुकल्याचं दुःख झालं. नवऱ्याचं मला काही नव्हतं हो. मला त्रिनिदादचं होतं. वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने जगाचा नकाशा काढायचा, अटलांटिक महासागर हाताने पुसायचा — आणि बोटीत बसणार कोण, तर जिला नकाशात ते बेट सापडत नाही ती. मी तिच्यावर जळत होते. सरळ शब्दांत सांगायचं तर, तिच्या नव्या ट्रंकेकडे बघूनसुद्धा माझ्या पोटात दुखायचं.

लग्नानंतर, बोट सुटायच्या आधी, मधुकररावांनी मनोरीला सहल काढली. आम्ही तिघंच. मार्व्यापर्यंत टांगा, तिथून होडी. उन्हाळ्याचे दिवस, आभाळात ढगाचा तुकडा नाही. किनाऱ्यावर डबा उघडला, जेवलो. ऊन फार लागतंय म्हणून कुसुम उठली आणि सुरूच्या झाडांकडे चालायला लागली.

आता बघा... सुरूचं झाड मला ओळखू येतं. पण ती जिथे जाऊन थांबली तिथे मला सुरू दिसेना. आखूड बुंध्याचं, चकचकीत पानांचं दुसरंच झाड दिसलं. खाली वाळूत छोट्या सफरचंदासारखी हिरवट फळं पडलेली, आणि त्यांचा गोडसर वास माझ्यापर्यंत आला. मी उठून धावले आणि तिचा दंड धरून तिला ओढलं.

"ह्या झाडाखाली थांबू नकोस," मी म्हणाले. "पाऊस आला तर मुळीच नको. आणि फळाला हात लावू नकोस."

कुसुम माझ्याकडे बघतच राहिली. मीही वर बघितलं, तर सुरूच. वाळूत फळ वगैरे काही नाही. ऊन लागलं असणार, असं म्हणून मी हसण्यावारी नेणार होते, पण मधुकररावांचा चेहरा उतरला होता.

"तुम्हाला ह्या झाडाचं कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

त्रिनिदादच्या किनाऱ्यावर तसलं झाड असतं म्हणे. फळ विषारी, आणि पावसात त्याच्या पानांवरून ठिबकणारं पाणी अंगावर पडलं तर कातडीला फोड येतात. नव्या माणसाला ठाऊक नसतं, म्हणून फसतो. मी म्हटलं, कुठेतरी वाचलं असेल. पण मी वाचलेलं नव्हतं. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात त्रिनिदादबद्दल ऊस, कोको आणि डांबराचं तळं एवढंच होतं, आणि ते मला तोंडपाठ होतं.

होडीतून परतताना कुसुम एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा नवऱ्याकडे.

त्यानंतर हे रोजचंच झालं. ती सामान भरायला बसली की माझ्या तोंडून काहीतरी निघायचं. मी आठवून, जुळवून बोलत नव्हते. आपण घरातल्या पायपुसण्याबद्दल बोलतो ना, इतक्या सहज. रेशमी साड्या नेऊ नकोस, तिथल्या दमटपणात कपाटातच बुरशी धरते, सुती ने. संध्याकाळी समुद्रावर जाशील तेव्हा पायांना खोबरेल चोळ, वाळूत बारीक चिलटं असतात ती चावून चावून हैराण करतात. पेरायला धण्याची पुरचुंडी कशाला घेतेस, तिथे लांब दातेरी पानांची कोथिंबीर मिळते, वास अगदी आपल्यासारखा. आणि दुकानात शिरलीस की आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हण. न बोलता वस्तू मागितलीस तर तुला घमेंडखोर समजतील.

हे शेवटचं मी बोलले तेव्हा मधुकरराव व्हरांड्यात पेपर वाचत होते. ते उठून आत आले, मला काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि कुसुमकडे बघून तसेच बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपलेली असताना कुसुमने मला मागच्या दारी गाठलं.

"ताई, हे सगळं तुला यांनी कधी सांगितलं?"

"नाही गं, त्यांनी नाही सांगितलं."

"मग कुणी सांगितलं? मला आजवर एका शब्दाने बोलले नाहीत. तुला बरं झाडं माहीत, कोथिंबीर माहीत. तुम्ही दोघं कुठे भेटत होतात?"

मी आईची शपथ घेतली. पण 'मग कुणी?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलेल्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा ठेवला नसता. तिचे डोळे भरून आले होते. तिला वाईट वाटत होतं ते मला दिसत होतं, आणि तरी... इतके दिवस मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळतेय, हे मला आतून जरा बरंच वाटलं.

बॅलार्ड पिअरवर ती आईच्या गळ्यात पडून रडली, बाबांच्या पाया पडली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोट आधी विलायतेला जायची, तिथून दुसरी बोट. महिना-दीड महिन्याने पोचल्याचं पत्र आलं ते आईबाबांच्या नावाने. पुढेही तसंच. माझ्या तोंडून ते बोलणं मात्र ती गेली त्या दिवसापासून बंद झालं. मी पुन्हा शाळा, वह्या, खडू यात पडले.

ती परत आली ती काही वर्षांनी, दशक संपत आलं होतं तेव्हा. बरोबर मधुकरराव आणि लहान लेक. कुसुम वाळली होती, रापली होती. पहिले दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी मेथी निवडत होते, तर येऊन समोर बसली आणि जुडी पुढ्यात ओढली.

मग आपणहूनच सांगायला लागली. म्हणाली, तिथे गेल्यावर मी मुद्दाम तुझं काही ऐकलं नाही. दुकानात न बोलता शिरायचे, लोक तुटक वागायचे. शालूला बुरशी लागली. पण ऐकायचं नाही म्हणजे नाही. मग एकदा कारखान्यातली मंडळी समुद्रावर गेली होती. लेक कडेवर. एकाएकी पाऊस आला आणि सगळे मिळेल त्या आडोशाला धावले. कुसुम जवळच्या एका झाडाखाली निघाली होती, आणि तिला दंडावर माझी पकड जाणवली. म्हणजे माझी आठवण झाली असं नाही, पकडच जाणवली म्हणाली. ती लेकीला पदराखाली घेऊन पावसात उभी राहिली. इंग्लंडहून नवीन आलेलं एक जोडपं त्याच झाडाखाली थांबलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मानेवर, खांद्यांवर भाजल्यासारखे फोड उठले. बाईचे तर डोळे सुजून बंद झाले होते.

त्या दिवशी तिने मधुकररावांना लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. त्यांनी ठेवला. लेकीची शपथ, तुझ्या ताईला मी कधीच काही सांगितलं नव्हतं, म्हणाले.

"मग माझा विश्वास बसला," कुसुम म्हणाली. "पण पुढचं ऐक."

पुढच्या शनिवारी ती पहाटेच्या बाजारात लांब पानांची कोथिंबीर शोधायला गेली. एक म्हातारी ती विकत होती, तिचे आजी-आजोबा बिहारकडून उसाच्या कामाला गेलेले. कुसुमने आधी तिला गुड मॉर्निंग म्हटलं. म्हातारी तिच्याकडे निरखून बघत राहिली आणि हसून म्हणाली, तू त्या चष्मेवालीची बहीण ना? नाक अगदी तसंच आहे. शनिवारी येते ती. सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणते, सगळं हात लावून बघते, घेत काहीच नाही.

कुसुमने विचारलं, कधीपासून येते? म्हातारी म्हणाली, तू ह्या बेटावर यायच्या आधीपासून.

कुसुम घरी जाऊन आमचा चौघांचा फोटो घेऊन आली. म्हातारीने माझ्यावर बोट ठेवलं. शेजारच्या केळीवाल्याने पण.

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. मी तिला म्हटलं, अगं वेडे, मी विरारच्या पुढे गेलेली नाही. ती म्हणाली, माहीत आहे. नंतर कितीतरी शनिवार ती अंधारात उठून बाजारात गेली होती. दरवेळी कुणी ना कुणी सांगायचं, आत्ताच होती इथे, आत्ताच गेली. कुसुमला मात्र एकदाही दिसली नाही.

"मला तिथे कुणी नव्हतं गं," ती म्हणाली. "लेक झाली तेव्हासुद्धा कुणी नव्हतं. भाजीवाल्यांना दिसतेस, केळीवाल्याला दिसतेस. एवढ्या लांब येतेस आणि माझ्या घरी येत नाहीस?"

मी तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो. ती परत गेली तेव्हा बंदरावर मला सोडत नव्हती. पुढे आयुष्यभर तिची पत्रं माझ्याच नावाने आली.

उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मला स्वप्नं पडत नाहीत, झोपेत चालायची सवय नाही, आमच्या नात्यात कुणी जुळं नाही. फोटो ओळखण्यात म्हातारीची चूक झाली म्हणावं, तर ते झाड, ती कोथिंबीर यांचं काय करायचं? तिथे पहाट असते तेव्हा आपल्याकडे दुपार असते, आणि शाळा शनिवारी अर्धा दिवस असायची. घरी आले की मी मुद्दाम डोळे मिटून पडायचे, काही दिसतंय का बघायला. बाहेरून दूधकेंद्रावरच्या बाटल्यांचा खणखणाट ऐकू यायचा, बाकी काही नाही.

कुसुमचा हेवा मला नंतर कधी वाटला नाही. पण ती दुसरी... माझा चष्मा लावून पहाटे त्या बाजारात हिंडणारी, सगळ्यांशी हसून बोलणारी... तिचा वाटतो. ती सगळं बघून आली आणि मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नाही.