कूलर आईने लावला होता

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कधी आमच्या घरी येणार नाही, आईच्या हातचा चहा पिणार नाही — निदान मी तसं धरून चालले आहे. कुठून सुरू करावं ते कळत नाही. दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा बाबांच्या आजारावरच थांबले. आजाराबद्दल लिहिणं सोपं आहे. त्यात माझी चूक नाही.

भिलाईत सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहतो. बाबा स्टील प्लांटमध्ये पाइप फिटर होते. त्यांची फुप्फुसं आक्रसत गेली, दोन खोल्या चालले तरी धाप लागे. शेवटी हैदराबादच्या एका दवाखान्यात त्यांना दुसऱ्या कुणाची तरी फुप्फुसं बसवली. नवी फुप्फुसं आपल्या जुन्या श्वासनळीला शिवतात, आणि तो सांधा महिनोन्महिने जपावा लागतो. भेटायला येणाऱ्यांना बाबा म्हणत, "जिंदगीभर मी जॉइंट बसवले, आता मलेच बसवून देल्ला."

त्या सांध्याला बुरशी लागू नये म्हणून एक औषध होतं. पावडर पाण्यात मिसळून छोट्या मशीनमध्ये घालायची आणि बाबांनी मास्क लावून ती वाफ ओढायची. सकाळ-संध्याकाळ, अर्धा-अर्धा तास. नंतर मास्क धुऊन उकळायचा. हे काम माझं. दवाखान्याचे कागद सगळे इंग्रजीत, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा सगळ्यांना सांगत, पोरगी वाचते, तिले समजते. हे ऐकायला मला किती आवडायचं, तेही सांगायलाच हवं.

पण संध्याकाळी कॉलेजात सगळे थांबायचे — प्रोजेक्ट, चहा, गप्पा. मी मात्र साडेपाचला बॅग उचलायचे. कुणी कधी टोकलं नाही. मलाच वाटे, मी अर्धीच विद्यार्थिनी आहे. एके दिवशी बाबांना म्हणाले, डॉक्टरांचा मेसेज आला आहे, औषध आता फक्त सकाळी घ्यायचं.

मेसेज आला नव्हता.

बाबा खूश झाले. औषध कडू होतं, घसा खवखवायचा. त्यांनी एकदा तरी विचारलं असतं, दाखव मेसेज — पण ते का विचारतील? आणि दाखवला असता तरी त्यांना तो वाचता आला असता का? हे मला माहीत होतं. तीन आठवडे मी संध्याकाळी कॉलेजात थांबले. मजेत होते, हेही खरं.

त्याच दिवसांत, मे महिन्यात, बाबांच्या खोलीतला एसी बिघडला. मेकॅनिक दोन दिवस आला नाही. बाबा नुसते बसूनही घामाने निथळत होते. आईने गॅलरीतला जुना कूलर ओढत आणला, पाणी भरलं आणि दोन दुपारी लावला. कूलरच्या ओल्या गवतात बुरशी धरते म्हणून तो नको, असं दवाखान्याच्या कागदावर होतं. मी तिला ते वाचूनही दाखवलं होतं. तिला त्या उकाड्यात आठवलं नाही.

जूनमध्ये बाबांचा श्वास वाजू लागला, बारीक शिट्टीसारखा. हैदराबादला नळीतून कॅमेरा घालून पाहिलं, तर सांध्यावर बुरशीचा थर होता. बाबा आत होते. डॉक्टरांनी आईला आणि मला बोलावलं. मला इंग्रजीत विचारलं, औषध दोन्ही वेळा चालू होतं ना? मी म्हणाले, यस सर, रेग्युलर. जीभसुद्धा अडखळली नाही. मग त्यांनी हिंदीत विचारलं, घरात ओल, धूळ, कूलर?

इथे मी गप्प बसू शकले असते ना? एक खोटं बोलून झालं होतं, तेवढं पुरलं असतं. पण मी म्हणाले, "कूलर लगाया था. मम्मी ने."

ते खोटं नव्हतं — म्हणूनच इतकं सहज निघालं. आई माझ्याकडे पाहत राहिली. मग डॉक्टरांना म्हणाली, "हां साहब, मैंनेच लगाया."

डॉक्टर म्हणाले, हो सकता है. एवढंच. पण आईला तेवढं पुरे झालं.

नक्की कशाने झालं? कूलरने, की माझ्या तीन आठवड्यांनी? मला माहीत नाही. डॉक्टरांना कदाचित ठरवता आलं असतं, कदाचित नसतं. पण दोन्ही गोष्टी त्यांच्यासमोर असायला हव्या होत्या. मी एकच ठेवली.

सांध्यातलं सडलेलं काढलं, तर तिथे नळी आक्रसली. फुग्याने ती रुंद केली, पुन्हा आक्रसली. आता आत एक छोटी नळी बसवली आहे. बाबांना एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागतं. जूनमध्ये हैदराबादहून परतल्यावर संध्याकाळचं औषध मी परत सुरू केलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "आता पुन्हा दोनदा?" मी म्हणाले, वाढवलंय.

नागपूरहून आत्याचा फोन आला. आईने तो स्पीकरवर ठेवला होता. "दोन दिवस गरमी सहन नाही झाली वं तुले? आमी का एसीत वाढलो?" मी त्याच खोलीत पुस्तक उघडून बसले होते. मी पान उलटलं.

मागच्या महिन्यात पुन्हा हैदराबादला गेलो. कॅमेऱ्याच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई होती, तिच्या नवऱ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. आई सरकून तिच्याजवळ बसली. असं ती प्रत्येक खेपेला करते. "बहन, घर में कूलर मत लगाना," ती म्हणाली. "मैंने लगाया था. मेरे आदमी की नली मेरे हाथ से खराब हुई."

त्या बाईने खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली — हो म्हणून.